शाळकरी मुलांचं ‘खरं’ संशोधन : ग्रहविज्ञानाच्या निमित्ताने काही शंका

आजचा विषय तुम्ही बाहेरच्या फलकावर वाचलाच असेल : शाळेतल्या मुलांना ग्रहविज्ञानाच्या खऱ्याखुऱ्या संशोधनात सामील करून घेणं. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे अशा वाक्यातला एकच शब्द आम्हांला आधी खुपतो, तो म्हणजे ‘खऱ्याखुऱ्या’. ग्रह ठीक, विज्ञान ठीक, मुलं तर उत्तमच. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हातून काही होतं तेव्हा ते खरं संशोधन आहे, असं कशाच्या जोरावर म्हणायचं? आज आपण तेवढंच तपासू. ज्या उपक्रमांबद्दल आम्ही थोडं कडू बोलणार आहोत, त्यांपैकी बहुतेक आम्हांला आवडतात, हेही आधीच सांगून ठेवतो. न आवडणाऱ्या गोष्टींवर तासभर बोलण्याचं आमचं वय आता राहिलेलं नाही.

सुरुवात आपल्या शाळेतल्या प्रॅक्टिकलपासून करू. लंबक टांगायचा, वीस आंदोलनांचा वेळ घ्यायचा आणि जर्नलमध्ये गुरुत्वत्वरण ९.८ च्या आसपास ‘आणायचं’. क्रियापद बघा, आणायचं. आकडा ९.१ आला तर मुलगा दोऱ्याची लांबी पुन्हा मोजत नाही, शेजारच्याच्या जर्नलमध्ये डोकावतो. ‘रीडिंग जुळवणं’ हा शब्दप्रयोग प्रयोगशाळेत इतका रुळलाय की त्यात काही खोटेपणा आहे असं ना मुलाला वाटत, ना सरांना. याला आम्ही मुलांचा आळस म्हणणार नाही. उत्तर आधीपासून ठरलेलं असेल तर मोजणं हा एक विधी होऊन बसतो. विधी यथासांग पार पाडायचा असतो, त्यात विचार करायला जागाच नसते.

न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनाने एक फार कामाची गोष्ट सांगून ठेवली आहे. जे मुळीच ठाऊक नाही तिथे न्याय चालत नाही, आणि ज्याचा निर्णय होऊन गेलाय तिथेही चालत नाही. तो चालतो संशयित अर्थाच्या ठिकाणी. गौतमाच्या सोळा पदार्थांच्या यादीत संशय तिसरा आहे आणि निर्णय नववा. मधे प्रयोजन, दृष्टान्त, सिद्धान्त, अवयव आणि तर्क अशा पाच गोष्टी बसल्या आहेत. यादीतला शेवटचा, सोळावा पदार्थ निग्रहस्थान, म्हणजे वाद करणाऱ्याला ‘इथे माझी बाजू पडली’ असं कबूल करावं लागतं ती जागा. आमचं आजचं म्हणणं याच शब्दांत मांडतो. मुलाच्या कामात खरा संशय असेल आणि पडण्याची खरी जागा असेल, तर ते काम कितीही लहान असो, आम्ही त्याला संशोधन म्हणू. या दोन्ही गोष्टी नसतील, तर दुर्बीण कितीही मोठी असली तरी ते जर्नलच.

आता प्रत्यक्ष उदाहरणांकडे येऊ. सगळ्यांत पसरलेला उपक्रम म्हणजे इंटरनॅशनल ॲस्टेरॉइड सर्च कोलॅबोरेशन. टेक्सासमधल्या हार्डिन-सिमन्स विद्यापीठातून २००६ साली तो सुरू झाला. आपल्याकडच्या शाळाही त्यात भाग घेतात, इथे बसलेल्यांपैकी कुणाची नात-नातू त्यात असतील. हवाईतल्या माउई बेटावर हालेआकाला नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या माथ्यावर पॅन-स्टार्स प्रकल्पाच्या १.८ मीटर व्यासाच्या दुर्बिणी आहेत. आकाशाच्या एकाच तुकड्याच्या, थोड्या थोड्या वेळाने घेतलेल्या चार प्रतिमा मुलांच्या संगणकावर येतात. मुलं त्या ‘ॲस्ट्रोमेट्रिका’ या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात आणि एकापाठोपाठ एक अशा लुकलुकवतात. तारे जागच्या जागी राहतात, लघुग्रह असेल तर तो ठिपका सरकतो. क्लाइड टॉमबॉ या कॅन्ससच्या शेतकऱ्याच्या मुलाने १९३० मध्ये प्लूटो शोधला तो याच युक्तीने. तेव्हा काचेच्या फोटोप्लेट होत्या आणि डोळे फुटायची पाळी यायची, एवढाच फरक. टॉमबॉ तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि त्याच्याकडे कोणतीही पदवी नव्हती.

पण सरकणारा प्रत्येक ठिपका काही लघुग्रह नसतो. कॅमेऱ्याच्या एखाद्या बिघडलेल्या बिंदूमुळे ठिपका उमटतो. वैश्विक किरणाचा कण आदळला की एका प्रतिमेत ठिपका येतो आणि पुढच्या प्रतिमेत नाहीसा होतो. दोन-तीन असे खोटे ठिपके योगायोगाने एका रेषेत पडले तर नजर त्यांची मालिका गुंफून मोकळी होते. म्हणून मुलीने बघायचं असतं की चारही ठिकाणी तो सारखाच सरकला का, त्याची प्रत तेवढीच राहिली का, त्याचा आकार ताऱ्यासारखा गोल आहे की कण आदळल्यासारखा टोकदार. नैयायिकांचं ठरलेलं उदाहरण आठवा. तिन्हीसांजेला लांबवर काहीतरी उभं दिसतंय, तो खांब आहे की माणूस? इथे खांब म्हणजे वैश्विक किरण आणि माणूस म्हणजे लघुग्रह. नववीतली मुलगी पडद्यासमोर बसून ‘हा घेऊ की टाकू’ असं पुटपुटते, त्या अर्ध्या मिनिटात तिच्या डोक्यात जे चालतं त्याला संशोधन म्हणायला आमची काहीच हरकत नाही. उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेलं नाही आणि सरांनाही ठाऊक नाही.

अडचण पुढे सुरू होते. मुलीचा अहवाल तपासला जातो आणि योग्य वाटला तर मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे जातो. जगभरातल्या लघुग्रहांच्या नोंदी तिथे राहतात. तिथे त्या नोंदीचं काय होतं हे मुलीला कळायला वर्षं लागतात. लघुग्रहाला कायमचा क्रमांक मिळायचा तर त्याची कक्षा पक्की कळावी लागते. मुख्य पट्ट्यातल्या लघुग्रहासाठी साधारण चार प्रतियुतींतली निरीक्षणं हवीत, आणि एका प्रतियुतीपासून दुसरीपर्यंत सव्वा ते दीड वर्ष जातं. तोवर मुलगी शाळा सोडून, कॉलेज संपवून नोकरीला लागलेली असते. विज्ञानाचा वेग असाच असतो, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण शाळेच्या स्नेहसंमेलनाला हा वेग परवडत नाही, आणि वर्तमानपत्राला तर मुळीच नाही.

जुलै २०२० मधली एक बातमी तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. गुजरातमधल्या दोन शाळकरी मुलींनी याच उपक्रमात एक लघुग्रह टिपला. मुलींनी काम चोख केलं होतं, त्यांच्याबद्दल आम्हांला आदरच आहे. पण बातमी काय झाली? पृथ्वीकडे येणारा लघुग्रह विद्यार्थिनींनी शोधला! आणि तो पृथ्वीची कक्षा ओलांडणार केव्हा, तर सुमारे दहा लाख वर्षांनी. हे वाक्य देशोदेशींच्या माध्यमांनी जसंच्या तसं छापलं. मंडळी, एक-दोन रात्रींच्या मोजमापांवरून एखादा लघुग्रह काही महिन्यांनी आकाशात नेमका कुठे असेल हे सांगणंही जड जातं. कक्षेचा इतका लहानसा तुकडा हातात असताना दहा लाख वर्षांपुढचं बोलणं याला गणित म्हणत नाहीत, ते भाकित झालं, आणि तेही जत्रेतल्या पोपटाचं. त्या वस्तूला तेव्हा होतं ते अक्षरं आणि आकडे जोडून केलेलं तात्पुरतं लेबल. त्याला नाव मिळाल्यागत पेढे वाटले गेले.

आता बघा, त्या मुलींना यातून काय शिकायला मिळालं असतं? आपण चार प्रतिमांवरून काय म्हणू शकतो आणि काय म्हणू शकत नाही, हे. कक्षा म्हणजे काय आणि ती पक्की व्हायला किती निरीक्षणं लागतात, हे. मोठ्यांनी त्यांच्या हातून नेमकी तीच गोष्ट काढून घेतली आणि बदल्यात मथळा दिला. शाळेतल्या संशोधनावर आमचा मुख्य आक्षेप हा आहे, आणि तो मुलांवर नाहीच. ‘शोध’ हा शब्द मोठ्यांना इतका गोड लागतो की तो उच्चारताच संशय पळून जातो. मग उरतं ते प्रमाणपत्र. आमच्या ओळखीतल्या एका घरात असं प्रमाणपत्र देव्हाऱ्याच्या वर लावलंय. आम्ही विचारलं, ठिपका कुठल्या नक्षत्रात होता? घरात कुणालाच सांगता येईना. (हशा) हसू नका, मुलाचाही त्यात दोष नाही, त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

दुसरं उदाहरण मंगळाचं, आणि ते आम्हांला जास्त मोलाचं वाटतं. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने ‘मार्स स्टुडंट इमेजिंग प्रोजेक्ट’ चालवला. त्यात मुलांनी आधी मंगळाविषयी एक प्रश्न तयार करायचा, तो शास्त्रज्ञांना पटवून द्यायचा, आणि मग ‘मार्स ओडिसी’ यानावरच्या थेमिस कॅमेऱ्याने कुठली जागा टिपावी हे स्वतः ठरवायचं. कॅलिफोर्नियातल्या कॉटनवुड गावच्या एव्हरग्रीन मिडल स्कूलमधल्या सातवीच्या सोळा मुलांनी २०१० मध्ये यात भाग घेतला. सातवी म्हणजे हायस्कूलच्याही आधीची पोरं. त्यांचा प्रश्न असा होता : मंगळावरच्या ज्वालामुखींच्या परिसरात लाव्हाच्या नळ्या सगळ्यांत जास्त कुठे आढळतात? शिखराजवळ, उतारावर, की भोवतालच्या मैदानात? लाव्हाची नळी म्हणजे वरचा थर थंड होऊन घट्ट झाला, आतला लाव्हा वाहून गेला, आणि मागे लांबलचक पोकळी राहिली, ती. काय सुंदर प्रश्न आहे पाहा! तीन शक्यता आहेत, आणि मोजून त्यांतली एक दुसरीपेक्षा भारी ठरवता येते. मुलांचा अंदाज साफ पडू शकतो, म्हणजे निग्रहस्थान प्रश्नातच बांधलेलं आहे.

प्रतिमा बघताना मुलांना पॅव्होनिस मॉन्स या ज्वालामुखीवर एक काळा गोल ठिपका दिसला. ते नळीचं कोसळलेलं छप्पर होतं, जमिनीत उघडलेलं गवाक्षच म्हणा. अशी विवरं अर्सिया मॉन्स या दुसऱ्या ज्वालामुखीवर शास्त्रज्ञांना २००७ पासून माहीत होती, पण मुलांना सापडलेलं विवर त्यांनाही नवं होतं. अंदाजे १९० बाय १६० मीटर तोंड, आणि खोली किमान ११५ मीटर. साहजिकच जगभर बातमी झाली : सातवीच्या मुलांनी मंगळावर गुहा शोधली.

आम्ही या प्रसंगाच्या बातम्या वाचल्या तेव्हा एक गोष्ट आम्हांला सलत राहिली. त्या सोळा मुलांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर काय आलं, याचा या बातम्यांत पत्ताच नव्हता. शिखर, उतार की मैदान? मुलांनी प्रतिमा चाळून नळ्या मोजल्या असणार, कुठली नळी आणि कुठली नुसती भेग यावर भांडली असणार, तक्ता केला असणार. संशोधन ते होतं. गुहा ही वाटेत सापडलेली नाणी-मोहरांची पिशवी. पिशवी सापडली याचा आनंद आम्हांलाही आहे, पण ज्या कामासाठी घराबाहेर पडलात त्याचं काय झालं, असं घरी आल्यावर कुणीतरी विचारायला नको का?

आता आम्हांला सगळ्यांत जवळच्या वाटणाऱ्या कामाकडे येतो. दिसायला ते अगदी रटाळ आहे. ह्यूस्टनच्या ल्यूनर अँड प्लॅनेटरी इन्स्टिट्यूटने हायस्कूलच्या मुलांसाठी चंद्र आणि लघुग्रहांवरच्या संशोधनाचा एक उपक्रम चालवला. मुलांचा एक गट, त्यांचे शिक्षक आणि त्यांना जोडून दिलेला एक शास्त्रज्ञ. प्रश्न मुलांनी निवडायचा. ल्यूनर रिकॉनिसन्स ऑर्बायटर २००९ मध्ये गेला, त्याने पाठवलेल्या प्रतिमांत चंद्रावरच्या अर्ध्या मीटरच्या वस्तूही उमटतात, आणि त्या सगळ्यांना खुल्या आहेत. अशा प्रतिमा हाताशी असल्या की मुलांना करता येण्यासारखं एक काम म्हणजे विवरं मोजणं.

विवरं कशासाठी मोजायची? जमीन जितकी जुनी, तितके तिच्यावर दगड जास्त बसलेले. भिंतीवरच्या खिळ्यांच्या भोकांवरून घरात किती भाडेकरू होऊन गेले याचा अंदाज काढावा, तसंच हे. अपोलोच्या सहा मोहिमांनी ३८२ किलो दगडमाती आणली, तिची वयं प्रयोगशाळेत काढली, आणि त्या-त्या जागेवरची विवरं मोजून ‘इतकी विवरं म्हणजे इतकं वय’ असा हिशोब बसवला. आज चंद्रावरच्या, किंबहुना मंगळावरच्याही, बहुतेक पृष्ठभागांचं वय आपण याच हिशोबावर टाकतो.

आता मुलाला मोजायला बसवा. पहिल्या दहा मिनिटांत प्रश्नांची रीघ लागते. हे विवर आहे की उंचवटा? सूर्य डावीकडून आहे की उजवीकडून, त्यावर डोळा फसतो. सूर्य डोक्यावर असताना घेतलेल्या प्रतिमेत उथळ विवरं दिसतच नाहीत, कलता असला की तीच ठसठशीत दिसतात. झिजून पुसट झालेलं विवर धरायचं का? आणि मोठ्या आघातात उडालेल्या दगडांनी पडलेली दुय्यम विवरं? ती धरली तर जमीन उगाचच म्हातारी ठरेल. एका मुलाने मोजली ३७, शेजारणीने त्याच चौकोनात मोजली ५२. आता सरांकडे जाऊन उपयोग नाही, कारण सरांनाही ठाऊक नाही.

इथे आमच्या मुद्द्याला पुरावा मिळतो. तज्ज्ञांची विवरं तरी जुळतात का? हे तपासणारा एक अभ्यास २०१४ मध्ये ‘इकारस’ या नियतकालिकात आला. आठ व्यावसायिक संशोधकांनी चंद्राच्या त्याच त्या भागांवरची विवरं मोजली. विवरांचा आकार आणि जमिनीचा प्रकार यांनुसार त्यांच्या मोजण्यांत फरक पडला, आणि तो काही ठिकाणी पंचेचाळीस टक्क्यांच्या घरात गेला. उणे किंवा अधिक, पंचेचाळीस! वर्षानुवर्षं हेच काम केलेली माणसं होती ती. संशोधकांनी यातून काढलेला निष्कर्षही शहाणपणाचा आहे : एकाच भागावर पुष्कळ जणांनी मोजावं आणि सगळ्यांच्या सहमतीचा आकडा घ्यावा, तो जास्त भरवशाचा. इंटरनेटवरून मोजणाऱ्या हौशी लोकांचे आकडेही त्यांनी या तुलनेत घेतले होते.

मुलाला हा निबंध कधी दाखवायचा? आमच्या मते, ३७ आणि ५२ चं भांडण झाल्यावर. आधी दाखवलात तर मुलगा म्हणेल, ठीक आहे, कसंही मोजलं तरी चालतं. भांडणानंतर दाखवलात तर त्याला कळेल की आपलं भांडण हे शास्त्रज्ञांचंही भांडण आहे, आणि त्यातून वाट काढायची त्यांची एक रीत आहे. मग ती दोघं बसून ठरवतील की दहा पिक्सेलपेक्षा लहान विवर धरायचंच नाही, आणि का धरायचं नाही हे वहीत लिहून ठेवतील. लंबकाचं रीडिंग जुळवणं आणि हे जुळवणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिथे आकडा छापील उत्तराला जुळवला होता. इथे दोघांनी मिळून नियम केला, आणि तो नियम चुकीचा निघाला तर त्यांचा सगळा निष्कर्ष पडेल हे दोघांनाही माहीत आहे.

विवरांचा विषय निघाला की आपल्या बुलढाण्यातलं लोणार आठवणं अपरिहार्य आहे. बेसाल्ट खडकात आघाताने झालेलं विवर पृथ्वीवर दुर्मीळ, आणि चंद्राच्या काळ्या मैदानांचा खडकही बेसाल्टच, म्हणून देशोदेशींचे ग्रहवैज्ञानिक लोणारचा अभ्यास करतात. सुमारे १.८ किलोमीटर व्यास. आपल्या शाळांच्या सहली तिथे जातात, मुलं डबे खातात, दैत्यसूदनाचं देऊळ बघतात आणि फलकावरून ‘सुमारे पन्नास हजार वर्षं’ असं वय उतरवून आणतात. आता ऐका. आघातात वितळून झालेल्या काचेत साठलेल्या ऊर्जेवरून, म्हणजे थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने, वय आलं सुमारे ५२ हजार वर्षं. २०११ मध्ये त्याच विवरातल्या वितळलेल्या खडकावर आर्गॉन पद्धत वापरली, तर वय आलं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. दोन घड्याळं, आणि फरक दहापटींहून जास्त! दहावीच्या मुलाला आर्गॉन मोजता येणार नाही, कबूल. पण कुठलं घड्याळ कशामुळे मागे पडू शकतं, उष्णतेने वा प्रकाशाने कुठल्या घड्याळाचा काटा पुन्हा शून्यावर येऊ शकतो, हा विचार त्याला नक्की करता येईल. इतका जिवंत संशय आपल्या एसटीच्या टप्प्यात असताना आपण मुलांच्या हातात एकच आकडा का ठेवतो? चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रतिमाही इस्रोने संकेतस्थळावर खुल्या केल्या आहेत. सामग्री नाही ही सबब आता चालणार नाही. नाही तो ‘या माहितीतून तुझ्या प्रश्नाचं उत्तर निघणार नाही, प्रश्न बदल’ असं मुलाला प्रेमाने सांगणारा जाणकार.

आणि खरी टंचाई हीच आहे. प्रत्येक गटामागे एक शास्त्रज्ञ द्यायचा तर वर्षाला मोजके गट होतील. चार प्रतिमा पाठवायच्या तर अनेक देशांतल्या हजारो मुलांपर्यंत पोचता येतं. ‘आम्ही लाखाला एक थेंब देतो, तुम्ही दहांना घागर देता’ असा युक्तिवाद कुणी करील, आणि तो खोटा नाही. आमचं म्हणणं इतकंच, की थेंब देताना तो घागर आहे असं सांगू नये.

एक उदाहरण ओझरतं. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात नासाने निवृत्त केलेली ३४ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण १९९० च्या दशकात ॲपल व्हॅलीच्या एका शिक्षणसंस्थेमार्फत शाळांना चालवायला मिळाली. कॅसिनी यान डिसेंबर २००० मध्ये गुरूजवळून गेलं, तेव्हा त्याने केलेली गुरूच्या प्रारणपट्ट्यांची मोजमापं ताडून पाहायच्या मोहिमेत शाळकरी मुलं होती. तो निबंध २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. मुलांचं काम काय? दुर्बीण पुन्हा पुन्हा त्याच स्रोतांकडे वळवून तेच आकडे घेणं. अत्यंत कंटाळवाणं, आणि नेमकं म्हणूनच आम्हांला ते आवडतं. आपला आकडा चुकला तर शेकडो कोटी डॉलरच्या यानाच्या आकड्याला बाध येईल, ही जबाबदारी चौदाव्या वर्षी पेलणं ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

स्पुटनिकच्या धक्क्यानंतर, १९५९ मध्ये, अमेरिकेत समर सायन्स प्रोग्रॅम सुरू झाला, आधी कॅलिफोर्नियातल्या ओहाय इथल्या थॅचर स्कूलमध्ये. तो आजही चालतो. हायस्कूलची मुलं उन्हाळ्यात एकत्र राहतात, लहान गटांत पृथ्वीजवळचा एक लघुग्रह स्वतः दुर्बिणीतून टिपतात आणि त्याची कक्षा स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमने काढतात. रीत गाउसची. पियात्सीने १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मोहून सेरेस पाहिला, ४१ दिवस त्याचा माग ठेवला आणि मग तो सूर्याच्या झगमगाटात हरवला. चोवीस वर्षांच्या गाउसने एवढ्याशा निरीक्षणांवरून कक्षा काढली आणि त्या वर्षाच्या अखेरीस सेरेस जवळजवळ त्याने सांगितलेल्या जागी पुन्हा सापडला. (टॉमबॉही चोवीसचा, गाउसही चोवीसचा. आमच्या चोवीसाव्या वर्षी आम्ही काय करत होतो हे विचारू नका.) या उपक्रमात लघुग्रह नवा असण्याची अट नाही. तो आधीपासून माहीत असतो. शोध लागत नाही, मथळा होत नाही. पण मुलगी आपल्या कक्षेवरून सांगते की अमुक रात्री तो इथे असेल, आणि त्या रात्री आकाश तिला पास किंवा नापास करतं. या यादीत आम्ही याला पहिला नंबर देऊ. निवासी आणि निवडक मुलांसाठीच आहे, ही त्याची उणीव मान्य करूनही.

हा नंबर लावणं नुसती हौस नाही, त्याला आता घाई आहे. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेची ८.४ मीटरची दुर्बीण तुम्ही ऐकली असेल. जून २०२५ मध्ये तिच्या पहिल्या प्रतिमा जाहीर झाल्या. सुमारे दहा तासांच्या निरीक्षणांत तिने २१०४ नवे लघुग्रह टिपले, आणि ते मुलांनी लुकलुकवून शोधले नाहीत, संगणकाने शोधले. पॅन-स्टार्सची स्वतःची संगणकप्रणाली आधीपासूनच ठिपके वेचत होती, मुलांच्या वाट्याला तिच्या हातून निसटलेले येत. आता निसटणारेही कमी होत जाणार. ज्या उपक्रमाचं सगळं मोल ‘नवा ठिपका’ यात आहे, तो या दहा वर्षांत आपोआप आटेल, आणि तेव्हा शाळा म्हणतील, चला, ग्रहविज्ञानात मुलांना करण्यासारखं काही उरलं नाही. प्रमाणपत्रं दुसऱ्या कुठल्या तरी विषयात मिळायला लागतील. आम्हांला भीती आहे ती या ‘चला’ची. संगणक दोन हजार ठिपके वेचून देतो, तेव्हा त्यांतले कुठले कशामुळे संशयास्पद, कुठल्याची कक्षा किती कच्ची, हे विचारणाऱ्या मुलांची गरज वाढते. पण त्यासाठी त्यांना आजवर ‘टाकू की घेऊ’ हे कुणीतरी शिकवलेलं असायला हवं.

म्हणून या शहरातल्या शाळांना आमची एकच व्यवहार्य सूचना आहे. उपक्रम कुठलाही घ्या, ठिपक्यांचा, विवरांचा, लोणारचा. पण मुलांना एक वेगळी वही द्या, आणि त्या वहीत फक्त टाकून दिलेलं लिहायला सांगा. हा ठिपका का टाकला, हे विवर का धरलं नाही, हा प्रश्न का सोडला. तारीख घाला, खाली मुलाची सही. वर्षाच्या शेवटी पालकसभेत बक्षीस द्यायचंच असेल तर ती वही वाचून द्या. ‘नेचर’चा निबंध असो की स्थानिक पुरवणी, दोन्हीकडे ही वही छापली जात नाही, म्हणून तर ती शाळेत जपायला हवी.

वेळ होत आली. आता तुमचे प्रश्न घेऊ. फक्त एक विनंती, ‘याचे दहावीत वाढीव गुण मिळतात का’ हा प्रश्न शेवटी विचारा, म्हणजे बाकीच्यांना आधी बोलता येईल.